घसा आठवड्यात बरा होतो, मग दहा दिवस औषध कशाला?

पत्र

नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, वजन २२ किलो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी त्याला एकदम १०२ ताप भरला. घसा इतका दुखायचा की थुंकीही गिळवेना. नेमका रविवार होता, म्हणून यांनी मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन आणलं. तीन दिवस दिलं, बरा झाला. आता बारा दिवसांनी पुन्हा तेच. काल संध्याकाळपासून ताप आहे, पोट दुखतं म्हणतो, एक उलटी झाली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर टॉन्सिल लालभडक आणि त्यांवर पांढरे ठिपके. सर्दी-खोकला अजिबात नाही. सासूबाई म्हणतात पडजीभ पडली आहे, काढा द्या आणि गार सगळं बंद करा. हे म्हणतात, तेच औषध पुन्हा आणू, या वेळी पाच दिवस देऊ. लंडनची नणंद म्हणते, तिकडे घशाला अँटिबायोटिक देतच नाहीत, आठवड्यात आपोआप बरं होतं. शेजारच्या वहिनी म्हणतात एएसओ टेस्ट करा, नाहीतर सरळ टॉन्सिल काढून टाका. मी कुणाचं ऐकू? घरी काय करू, डॉक्टरकडे कधी नेऊ? आणि ब्रश बदलायचा का?

– एक आई, नाशिक

उत्तर

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मुलाला आज नाहीतर उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या. तोवर घरातलं, कपाटातलं, मागच्या वेळचं कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका. आजची रात्र पॅरासिटामॉल, मिठाच्या गुळण्या आणि गिळवेल ते पातळ खाणं यांवर काढलीत तर काही बिघडणार नाही. काही खुणा दिसल्या तर मात्र रात्रीच निघायचं, त्या पुढे येतीलच.

आता तुमच्या घरातली मतं. गंमत अशी की यातलं कुणीच पूर्ण चुकीचं बोलत नाही. म्हणून तर तुमचा गोंधळ उडाला आहे.

घसा दुखतो म्हणून आलेल्या दहा मुलांपैकी सात-आठ जणांचा घसा विषाणूंमुळे दुखत असतो. त्यांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उरलेल्या दोघातिघांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस नावाचा जिवाणू असतो. आम्ही त्याला नुसतं 'स्ट्रेप' म्हणतो. तो ५ ते १५ या वयात जास्त रमतो, शिंकेच्या तुषारांतून आणि उष्ट्या पेल्यातून पसरतो आणि घशात उतरला की दोन ते पाच दिवसांत रंग दाखवतो. शाळा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ताप, असं तुम्ही लिहिलं आहे. हिशोब जमतो.

विषाणूचा घसा सहसा एकटा येत नाही. नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात, आणि सुरुवातही खवखवीने, हळूहळू होते. स्ट्रेप दार न वाजवता आत शिरतो. मूल दुपारी खेळत असतं आणि रात्री तापाने फणफणलेलं असतं. गिळताना मान आखडून घेतं, जबड्याखालच्या गाठी सुजतात, त्यांना हात लावू देत नाही. आणि लहान मुलांत डोकं, पोट आणि उलटी. 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून पोट दाखवायला आणलेल्या मुलाला मी सवयीने 'आ' करायला लावते. कितीतरी वेळा दुखणं तिथेच बसलेलं सापडतं. तेव्हा तुमच्या मुलाची लक्षणं स्ट्रेपकडे झुकतात, यात शंका नाही.

पण झुकतात एवढंच. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये चार खुणांचा एक सोपा हिशोब मांडला: ताप, टॉन्सिलवर पांढरं, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. पुढे त्यात वयही धरलं जाऊ लागलं. तो आजही जगभर वापरतात. आणि त्यातून कळतं काय, तर चारही खुणा असल्या तरी प्रत्यक्षात स्ट्रेप निघतो तो साधारण निम्म्या लोकांत. म्हणजे पांढरे ठिपके दिसले की स्ट्रेपच, असं मी तीस वर्षं घसे पाहूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोबाइलच्या उजेडात तुम्हालाही सांगता येणार नाही.

घसा पाहिलात ते मात्र बरं केलंत. एक गोष्ट लक्षात ठेवा. ठिपक्यांऐवजी टॉन्सिलवर राखाडी, सायीसारखा चिकट पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. तो गेलेला नाही, आपल्याकडे अजून दिसतो. तसा पापुद्रा चमच्याने खरवडून पाहायचा नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं. मुलाचं पाच वर्षांचं त्रिगुणीचं बूस्टर झालं आहे ना, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवा.

सासूबाईंच्या पडजिभेबद्दलही सांगते. पडजीभ पडत नाही, ती सुजते. घसा सुजला की तीही सुजते आणि लोंबल्यासारखी वाटते. टाळूवरचे केस ओढून ती वर घेण्याचा किंवा मिठाचं बोट घालून दाबण्याचा उपाय तुमच्याकडे करत असतील, तर तो तेवढा थांबवा. सुजलेल्या घशात बोट घातलं की मूल कळवळतं, जखम होते, आणि पुढच्या वेळी ते डॉक्टरपुढेही तोंड उघडत नाही.

आता तुमच्या नणंदेचं म्हणणं. स्ट्रेपचा घसासुद्धा आठवड्याभरात आपोआप बरा होतो, हे अगदी खरं. अँटिबायोटिकने दुखण्याचा काळ कमी होतो तो फार तर एका दिवसाने. मग दहा दिवस औषध कशाला द्यायचं? ते औषध घशासाठी नसतंच. ते हृदयासाठी असतं.

मुंबईत शिकत असताना आमच्या वॉर्डात अकरा वर्षांची एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. जिना चढताना दम लागतो म्हणून आणलेली. तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की दोन ठोक्यांच्या मधे लांबून बैलगाडी चालल्यासारखी घरघर ऐकू यायची. डाव्या बाजूची झडप आकसून अरुंद झाली होती. आमच्या सरांनी आईला विचारलं, "हिचा घसा कधी दुखला होता?" आई म्हणाली, "आता कसं आठवायचं? पोरांचा घसा दुखतोच की." मला ते वाक्य अजून ऐकू येतं, कारण त्या बाईची काहीच चूक नव्हती. पोरांचा घसा दुखतोच.

होतं असं, की स्ट्रेपच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या ऊतींसारखी दिसतात. जंतूवर उठलेलं शरीर काही मुलांमध्ये ओळख चुकतं आणि आपल्याच घरावर हल्ला करतं. घसा बरा होऊन, सगळे विसरून गेल्यावर, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी. याला संधिवाताचा ताप म्हणतात, इंग्रजीतलं नाव रुमॅटिक फीवर. सांधे दुखून पूर्ववत होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात. हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवलं होतं. एकदा तो येऊन गेलेल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. मी ती दिली आहेत. दुधासारखं घट्ट औषध, सुई मोठी घेतली नाही तर मधेच अडकतं, आणि कमरेत गेलं की मूल दोन दिवस लंगडतं. तीन आठवड्यांनी तेच मूल पुन्हा दारात उभं.

स्ट्रेप झालेल्या प्रत्येक मुलाला हे होत नाही. बहुतेकांना होतच नाही. पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून स्ट्रेप असेल तर सगळ्यांनाच औषध देतो.

ब्रिटनमध्ये हा ताप आता इतका दुर्मीळ झाला आहे, की तिथले डॉक्टर सौम्य घशाला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात आणि लक्षणं जोरदार असतील तेव्हाच पेनिसिलीन काढतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. आपल्याकडे दाटीची घरं, भरलेले वर्ग, आणि रुमॅटिक हृदयविकाराचे रुग्ण अजून मोठ्या संख्येने. लंडनचा सल्ला नाशिकला जसाच्या तसा लागू होत नाही, एवढं नणंदेला प्रेमाने सांगा.

यात एक दिलासाही आहे. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. नऊ दिवस! म्हणजे रविवारी रात्री दहा वाजता मेडिकलवाल्याकडे पळायची गरज नसते. सोमवारी सकाळी तपासून, हवी तर चाचणी करून, मग औषध सुरू केलं तरी हृदयाच्या बाबतीत काहीही उशीर झालेला नसतो.

इथे तुमच्या यजमानांकडे वळते. रागाने नाही, कारण जुनी चिठ्ठी जपून ठेवून मेडिकलवर दाखवणारे बाबा मला रोज भेटतात. पण ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं, पट्टीवरची उभी लाल रेघ त्यासाठीच असते, आणि मागच्या वर्षीची चिठ्ठी ही मागच्या वर्षीच्या आजाराची चिठ्ठी. दुसरं म्हणजे औषधाची निवड. स्ट्रेपचं एक मोठं नवल आहे. बाकीचे जंतू एकेक औषध पचवत गेले, पण स्ट्रेप आजवर पेनिसिलीनला शरणच येत आला आहे. १९२८ मध्ये सापडलेलं, आपल्या पिंपरीत १९५४ साली ज्याच्यासाठी सरकारी कारखाना उभा राहिला, तेच जुनं पेनिसिलीन किंवा त्याचं भावंड अमोक्सिसिलीन आजही स्ट्रेपवरचं पहिलं औषध आहे. ॲझिथ्रोमायसिनला मात्र स्ट्रेपच्या बऱ्याच जाती आता दाद देत नाहीत. ते ज्यांना पेनिसिलीनची खरी ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी राखून ठेवायचं, आणि तेव्हाही तीन दिवस नव्हे, पाच.

अमोक्सिसिलीनचे दिवस दहा. तिसऱ्या दिवशी मूल घरभर उड्या मारू लागतं आणि बाटली फ्रिजच्या दारात मागे सरकते. पण पहिल्या तीन दिवसांत ताप जातो, जंतू घशातून पुरता जायला दहा दिवस लागतात. काही डॉक्टर दहा दिवसांऐवजी एकच पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात, तेही चालतं. फक्त ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर थोडा वेळ तिथे थांबायचं. पूर्वी कुठल्याही औषधाने अंगावर गांध्या उठल्या असतील तर ते आधी सांगायचं.

त्यामुळे उद्या डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "बारा दिवसांपूर्वी असंच झालं होतं आणि आम्ही मनाने तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन दिलं." लपवू नका. डॉक्टर फार तर भुवया उंचावतील. पण त्या एका वाक्यावर त्यांचा पुढचा विचार बदलतो. पहिला स्ट्रेप अर्धवट दबला होता का? घरात दुसऱ्या कुणाकडून परत आला का? की मुळात दोन्ही वेळा विषाणूच होते आणि मुलगा स्ट्रेपचा नुसता वाहक आहे? हो, असंही असतं. काही मुलांच्या घशात स्ट्रेप मुक्कामाला असतो, त्रास देत नाही, आणि मग विषाणूच्या प्रत्येक सर्दीत चाचणी केली की बिचारा तोच पकडला जातो.

चाचणी म्हणजे घशाचा स्वॅब. लांब काडीवरचा कापूस दोन्ही टॉन्सिलवरून आणि मागच्या भिंतीवरून फिरवायचा. मुलाला उबळ येते, तीन सेकंदांत संपतं. त्याची झटपट तपासणी काही ठिकाणी पाच-दहा मिनिटांत होते, सगळ्याच दवाखान्यांत ती नसते. कल्चरला, म्हणजे स्वॅबवरचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात. नऊ दिवसांची सवड असल्यामुळे तेही परवडतं. स्वॅब अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. आज रात्री काही देऊ नका म्हणते, त्याचं हेही एक कारण.

वहिनींच्या एएसओ टेस्टवर मला थोडं जास्त बोलावं लागेल, कारण या एका तपासणीने महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांची झोप उडवली आहे. एएसओ ही रक्ताची तपासणी. स्ट्रेप येऊन गेल्याची शरीराने ठेवलेली नोंद तिच्यात दिसते. ही नोंद वाढायलाच आठवडा ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे आज दुखणाऱ्या घशाबद्दल ती काहीही सांगू शकत नाही. शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलांतही ती वाढलेली सापडते. सांधे सुजले, हृदयाबद्दल शंका आली, तर तिचा उपयोग आहे. नुसता आकडा ४०० आला म्हणून धडधाकट मुलाला महिनोन् महिने इंजेक्शनं चालू असलेली मी पाहिली आहेत. सध्या ही टेस्ट करू नका.

आता घरी काय करायचं ते. सासूबाईंचं राज्य इथे सुरू होतं, आणि त्यांना इथे मान द्या, कारण दुखणं हलकं करण्यात घरच्या उपायांचा हात कुणी धरत नाही. फक्त ते दुखण्यासाठी आहेत, जंतूसाठी नाहीत, हे सगळ्यांनी एकदा मान्य करायचं. म्हणजे 'काढा की औषध' हे भांडणच उरत नाही.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. आठ वर्षांच्या मुलाला जमतात. पाच वर्षांखालचं मूल ते पाणी पिऊनच टाकतं, त्याच्या मागे लागू नये. हळदीचं दूध त्याला आवडत असेल तर द्या, नाक मुरडत असेल तर बळजबरी नको. मध चमचाभर, कोमट पाण्यात किंवा आल्याच्या दोन थेंबांसोबत. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, त्यातून होणारी बोट्युलिझम नावाची विषबाधा जिवावर बेतते. ज्येष्ठमधाची काडी चघळायला हरकत नाही. सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांनी नातवाला सोबत म्हणून ती रोज चघळू नये, ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो.

काढ्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. घराघरांत तो औषध म्हणून इतका जहाल करतात, मिरी, सुंठ, लवंग, दालचिनी सगळं मूठमूठ, की सोललेल्या घशावरून तो उतरताना मूल कळवळतं आणि मग पाणीही प्यायला तयार होत नाही. तुळस, गवती चहा, आल्याचा तुकडा, गूळ, एवढं पुरे. पातळ आणि कोमट.

आणि गार बंद कशाला? हे मी लिहिलं की दर वेळी चार रागावलेली पत्रं येतात, पण पुन्हा लिहिते: सुजलेल्या घशाला गार बरं वाटतं. पाय मुरगळला की बर्फ लावतो, तसंच. थंड दूध, गोड ताक, आइस्क्रीमचा एक कप, यांनी स्ट्रेप वाढत नाही. ज्याला कालपासून काही गिळवत नाही त्याने आइस्क्रीम खाल्लं तर चार घास पोटात जातात. मूल कोमट मागेल तर कोमट, गार मागेल तर गार. बाकी गुरगुट्या भात, त्यावर तूप-मीठ, मुगाचं कढण, रव्याची किंवा नाचणीची पेज, मऊ केळं. दिवाळीचा उरलेला चिवडा आणि चकल्या चार दिवस वरच्या फळीवर जाऊ द्या, टोकं घशाला ओरखडतात. लिंबू-संत्रंही झोंबतं. खाणं कमी झालं तर चालेल, पिणं कमी होता कामा नये.

आता पॅरासिटामॉल. इथे मी बाटली हातात घेऊन बोलते, कारण चुका इथेच होतात. ताप उतरवण्यापेक्षा दुखणं कमी करून मुलाला पिता यावं यासाठी ते द्यायचं आहे. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या २२ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅम. बाटलीवर बारीक अक्षरांत 'दर ५ मिलिलिटरमध्ये' किती ते छापलेलं असतं, ते वाचा. कुठे १२० असतं, कुठे २५०. २५० च्या बाटलीतलं ६ मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिग्रॅम, १२० च्या बाटलीतून तेवढ्यासाठी साडेबारा लागतील. बाटल्या दिसायला बहिणी-बहिणी, ताकद दुपटीची. स्वयंपाकघरातला चमचा नको, सोबतचं मापाचं झाकण घ्या. दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. सर्दी-खोकल्याच्या तयार सिरपातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा ते सोबत देऊ नका. तुमच्या मुलाला सर्दी नाहीच.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं जोड-औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नोव्हेंबरात डेंग्यू अजून रेंगाळत असतो, आणि तापाचं कारण ठरलेलं नसताना ही औषधं धोक्याची. ॲस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

रात्रीच निघायचं कधी, ते आता. मुलाला स्वतःची थुंकी गिळता येत नाही आणि लाळ बाहेर गळते आहे. श्वास घेताना आवाज येतो किंवा पुढे वाकून बसल्याशिवाय श्वास घेववत नाही. अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून पाहत बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. तोंड दोन बोटंही उघडत नाही, एकाच बाजूला जबर दुखतं आणि तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलतो, म्हणजे टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. मान ताठ आहे, मूल सुस्त पडलं आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही. किंवा आठ तासांत लघवी झालेली नाही. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. अंगावर बारीक लाल, हात फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागणारं पुरळ उठलं आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार लाल झाली, तर तो स्कार्लेट फीवर. स्ट्रेपचाच प्रकार आहे, औषध तेच, पण त्याच दिवशी दाखवायचं.

पुढच्या महिन्याभरात, घसा विसरून गेल्यावर, थोडं लक्ष असू द्या. पहिला आजार धरून हे दिवस मोजायचे, म्हणजे ते आजच सुरू आहेत. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवीला कोऱ्या चहाचा रंग: मूत्रपिंड तपासायचं. आज गुडघा, उद्या घोटा, असं सांध्यांचं दुखणं फिरतं आहे: हृदय तपासायचं. आणखी एक, जे आई-बापांच्या आधी शाळेला दिसतं. अक्षर एकाएकी बिघडतं, हातातून वस्तू पडतात, मूल उगाच तोंड वेडंवाकडं करतं. बाई ओरडतात, घरी मार बसतो. तो संधिवाताच्या तापाचाच एक अवतार असू शकतो, आणि तो तर काही महिन्यांनीही येतो. अशी एक चौथीतली मुलगी माझ्याकडे आली होती ती वहीवरच्या 'अक्षर सुधारा' या लाल शेऱ्यासकट.

टॉन्सिल काढण्याबद्दल थोडक्यात. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा असा घसा, आणि तोही तपासून नोंदलेला, एवढं झालं की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशी बोलायचं. तुमचा दुसरा आहे. वहिनींना चहा पाजा आणि विषय बदला.

शाळेत कधी पाठवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. योग्य औषधाचे पहिले २४ तास पूर्ण झाले आणि ताप नाही, की पाठवा. तोवर त्याचा पेला, ताट, टॉवेल वेगळा. घरात दुसऱ्या कुणाचा घसा दुखत असेल तर त्याला सोबतच दाखवा. ज्याला काही होत नाही त्याला उगाच औषध नको.

यजमानांना एक काम द्या. अमोक्सिसिलीन सुरू झालं तर दाराच्या कॅलेंडरवर दहा चौकोन त्यांनी स्वतःच्या हाताने आखायचे आणि रोज रात्रीची मात्रा दिल्यावर फुली मारायची. पातळ औषध असेल तर पावडरमध्ये पाणी घातल्यावर ती बाटली किती दिवस टिकते ते वर लिहिलेलं असतं, तेही वाचायचं. बहुधा सातच दिवस टिकते, म्हणजे दहा दिवसांसाठी दुसरी बाटली आधीच आणून ठेवायची, पाणी न घालता.

आणि ब्रश. बदलल्याने स्ट्रेप परतायचा थांबतो असा भक्कम पुरावा नाही, पण औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवा घ्यायला माझी ना नाही. त्याहून महत्त्वाची त्याची वॉटरबॅग. तिचं तोंड, झाकणाच्या आतली ती रबराची चकती, साबणाच्या गरम पाण्याने घासा. मी एकदा अशी चकती काढून आईला दाखवली होती. तिने बॅग तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली.